कर्करोगावरील शोधनिबंध : केसपेपरापासून नियतकालिकापर्यंत

(भाषणाचा मजकूर)



कर्करोगाविषयी बोलावयाचे म्हटले की रोगाची लक्षणे, तंबाखूचे दुष्परिणाम आणि वेळीच तपासणी करून घेण्याची निकड हेच विषय सामान्यतः समोर येतात. ते महत्त्वाचे आहेत, यात शंका नाही. परंतु हे ज्ञान मुळात येते कोठून, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. तंबाखूच्या पुडीवरील सूचना, आरोग्य केंद्राच्या भिंतीवरील तक्ता, डॉक्टरांनी लिहून दिलेले औषध, या सर्वांच्या मागे कोठे तरी एक शोधनिबंध उभा असतो. आणि त्या शोधनिबंधाच्या मागे कोणा तरी खेड्यातील किंवा वस्तीतील रुग्णाचा साधा केसपेपर असतो. केसपेपरापासून शोधनिबंधापर्यंतचा हा प्रवास कसा होतो, याची ओळख करून देणे एवढाच या भाषणाचा हेतू आहे.

वैद्यकीय नियतकालिक आणि वर्तमानपत्र यांत मोठा फरक आहे. वर्तमानपत्र घडलेली घटना सांगते. वैद्यकीय नियतकालिक ती घटना कशी मोजली, किती जणांत मोजली आणि मोजण्यात चूक कोठे राहिली असेल, हेही सांगते. एका डॉक्टराला आलेला अनुभव त्याच्याबरोबरच संपू नये, दुसऱ्या गावच्या डॉक्टराला तो पडताळून पाहता यावा, यासाठी ही नियतकालिके आहेत.

याची जुनी उदाहरणे आपल्याच देशात आहेत. त्रावणकोरात काम करणारे डॉक्टर बेंटॉल यांनी आपल्याकडे आलेल्या कर्करोगाच्या १७०० रुग्णांचा गोषवारा १९०८ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये प्रसिद्ध केला. मुंबईत डॉ. वसंत खानोलकर आणि त्यांचे सहकारी संघवी व राव यांनी धूम्रपान व तंबाखू चघळणे यांचा तोंड-घशाच्या कर्करोगाशी असलेला संबंध तपासून १९५५ साली त्याच नियतकालिकात निबंध लिहिला. पुढे १९६३ साली 'इंडियन जर्नल ऑफ कॅन्सर' हे नियतकालिक मुंबईतून निघू लागले, आणि भारतीय डॉक्टरांना आपल्या रुग्णांविषयी आपल्याच देशात लिहिण्याची सोय झाली. गोमंतकालाही पणजी येथे १८४२ साली स्थापन झालेल्या वैद्यकीय विद्यालयाची परंपरा लाभलेली आहे. तेव्हा हा विषय येथील श्रोत्यांना परका वाटू नये.

निबंधाची घडण

कर्करोगावरील शोधनिबंधाचे ठरलेले चार भाग असतात. पहिल्या भागात प्रश्न मांडावयाचा : काय ठाऊक आहे आणि काय ठाऊक नाही. दुसऱ्या भागात पद्धती सांगावयाची : रुग्ण कोणते घेतले, कोणते वगळले, कोणती तपासणी केली, किती काळ पाठपुरावा केला. तिसऱ्या भागात आढळलेले आकडे द्यावयाचे. तेथे मत मिसळावयाचे नाही. चौथ्या भागात त्या आकड्यांचा अर्थ लावावयाचा आणि आपल्या कामातील उणिवाही स्वतःच सांगावयाच्या. आरंभी थोडक्यात गोषवारा असतो. घाईत असलेला वाचक पुष्कळदा तेवढाच वाचतो. म्हणून मजकुरात नाही ते गोषव्याऱ्यात येता कामा नये.

या चार भागांपैकी नवख्या लेखकाचे दुर्लक्ष दुसऱ्या भागाकडे होते, आणि परीक्षकाची नजर नेमकी तेथेच प्रथम जाते. शंभर रुग्णांवर उपचार केले आणि साठ बरे झाले, असे लिहिले तर परीक्षक विचारतो : मूळचे शंभरच होते काय? मध्येच येणे बंद केले ते रुग्ण कोठे गेले? ते बरे झाले म्हणून आले नाहीत, की दगावले म्हणून? या प्रश्नाला उत्तर नसेल, तर साठ या आकड्याला काहीच अर्थ उरत नाही.

निबंध पाठविण्यापूर्वीच्या काही अटी अशा आहेत. संशोधनाला संस्थेच्या नीतिसमितीची मान्यता हवी. रुग्णाला समजेल अशा भाषेत सर्व सांगून त्याची संमती घेतलेली हवी. औषधाची किंवा उपचाराची चाचणी असेल, तर पहिला रुग्ण घेण्यापूर्वीच तिची नोंद व्हावयास हवी. त्यासाठी भारतात २००७ सालापासून राष्ट्रीय नोंदवही आहे. आधी नोंद केल्यामुळे नको असलेला निकाल पुढे लपवून ठेवणे कठीण होते. एकच निबंध एकाच वेळी दोन नियतकालिकांकडे पाठविता येत नाही. रुग्णाचे छायाचित्र किंवा त्याची ओळख पटेल असा तपशील त्याच्या परवानगीवाचून छापता येत नाही.

लेखक म्हणून कोणाचे नाव यावे, याचेही नियम आहेत. प्रमुख वैद्यकीय नियतकालिकांचे संपादक १९७८ साली कॅनडातील व्हँकुव्हर येथे जमले होते. त्यातून उभ्या राहिलेल्या समितीच्या नियमांप्रमाणे, ज्याने कामात खरा वाटा उचलला, लेखनात किंवा त्याच्या तपासणीत भाग घेतला, अखेरच्या मसुद्याला संमती दिली आणि मजकुराची जबाबदारी पत्करली, तोच लेखक. केवळ विभागप्रमुख आहेत म्हणून नाव घालणे जसे अयोग्य, तसेच राबलेल्या कनिष्ठाचे नाव गाळणेही अयोग्य.

निबंध संपादकाकडे पोचला म्हणजे तो त्या विषयातील दोन-तीन तज्ज्ञांकडे जातो. हे परीक्षक कोण, हे लेखकाला बहुधा कळत नाही. अभिप्राय येण्यास आठवडे, कधी महिनेही लागतात. पुष्कळ निबंध परत येतात. उरलेल्यांपैकी बहुतेकांत दुरुस्त्या सुचविलेल्या असतात. अशा वेळी रागावून उपयोग नाही. प्रत्येक आक्षेपाला मुद्देसूद उत्तर द्यावे, पटला तेथे बदल करावा, न पटला तेथे कारण लिहावे. शाळेत शिक्षक वही तपासून लाल शाईने खुणा करतात, त्याने विद्यार्थ्याचा अपमान होत नाही; येथेही तसेच आहे.

बार्शीचा धडा

आता एका निबंधाची हकीकत पाहावी. सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे १९८७ साली ग्रामीण भागातील कर्करोगाची नोंदणी सुरू झाली. तेथील नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय, मुंबईचे टाटा स्मारक केंद्र आणि फ्रान्समधील लियाँ येथील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी मिळून तत्कालीन उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा मोठा अभ्यास हाती घेतला. गावांचे ५२ गट पाडण्यात आले. ३० ते ५९ वर्षे वयाच्या १,३१,७४६ स्त्रिया त्यात होत्या. एका विभागात या रोगाला कारण होणाऱ्या विषाणूची तपासणी, दुसऱ्यात पेशींची तपासणी, तिसऱ्यात सौम्य अॅसेटिक आम्ल लावून डोळ्यांनी पाहण्याची तपासणी झाली. चौथ्या विभागात नेहमीचीच आरोग्यसेवा राहिली. तपासणी एकदाच झाली आणि पाठपुरावा सुमारे आठ वर्षे चालला.

२००९ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन' या अमेरिकी नियतकालिकात हा निबंध प्रसिद्ध झाला. विषाणू-तपासणीच्या विभागात ३४,१२६ स्त्रिया होत्या. त्यांपैकी ३४ या रोगाने मरण पावल्या. नेहमीच्या सेवेच्या विभागात ३१,४८८ स्त्रिया होत्या. तेथे ६४ मृत्यू झाले. म्हणजे मृत्यूचे प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आले. अन्य दोन तपासण्यांनी मात्र एवढ्या काळात मृत्यूंत लक्षणीय घट झाली नव्हती, हेही त्याच निबंधात स्पष्ट लिहिले होते.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. टाटा स्मारक केंद्राने मुंबईच्या वस्त्यांत अॅसेटिक आम्लाचीच तपासणी दर दोन वर्षांनी, अशी चार वेळा केली. बारा वर्षांनंतरचा तिचा निष्कर्ष २०१४ साली प्रसिद्ध झाला, आणि त्यात मृत्यूंत ३१ टक्के घट दिसून आली. दोन निबंध वरवर परस्परविरुद्ध वाटतात. परंतु एका ठिकाणी तपासणी एकदा झाली होती आणि दुसऱ्या ठिकाणी चार वेळा, हे पद्धतीचा भाग वाचल्यावरच कळते. म्हणून केवळ निष्कर्ष वाचून निर्णय घेऊ नये.

या अभ्यासांवर टीकाही झाली. ज्या विभागांतील स्त्रियांना तपासणी मिळाली नाही त्यांच्यावर अन्याय झाला, असा आक्षेप वैद्यकीय नीतीच्या अभ्यासकांनी घेतला आणि त्यावर नियतकालिकांतून वाद झाले. हा प्रश्न लहान नाही. तुलनेवाचून सत्य कळत नाही, आणि तुलनेसाठी कोणाला तरी मागे ठेवावे लागते. ज्या स्त्रियांच्या आयुष्याच्या आधारे हे ज्ञान मिळाले, त्यांचे ऋण ते ज्ञान प्रत्यक्ष सेवेत उतरल्यानेच फिटू शकते.

खोट्या निबंधाची किंमत

निबंध खोटा असेल तर काय घडते, याचेही उदाहरण पाहावे. दक्षिण आफ्रिकेतील जोहान्सबर्ग येथील डॉक्टर वर्नर बेझवोडा यांनी स्तनाच्या कर्करोगावर अतितीव्र मात्रेची औषधे आणि त्यांच्या जोडीला मूलपेशींचे रोपण यांचा मोठा लाभ होतो, असे १९९९ साली अमेरिकेतील कर्करोगतज्ज्ञांच्या परिषदेत सांगितले. त्याच वेळी मांडल्या गेलेल्या इतर चाचण्यांत तसा लाभ दिसला नव्हता. २००० साली अमेरिकी तज्ज्ञ कागद तपासण्यासाठी तेथे गेले. दावा केलेल्या रुग्णांपैकी पुष्कळांचे कागद सापडले नाहीत, सहीची संमतिपत्रे मिळाली नाहीत, समितीच्या मान्यतेची नोंदही आढळली नाही. बेझवोडा यांची नोकरी गेली, आणि त्यांचा १९९५ सालचा निबंध २००१ साली नियतकालिकाने मागे घेतला. परंतु दरम्यानच्या काळात हजारो स्त्रियांनी या कठोर उपचाराच्या यातना सोसल्या होत्या. शास्त्रातील खोटे कागदावर राहत नाही. ते रुग्णाच्या शरीरात उतरते. आणि ते उघडकीला आले तेही जुने केसपेपर मागितल्यामुळेच, हे विसरता येत नाही.

अलीकडे दुसरा एक धोका वाढला आहे. पैसे घेऊन, कोणतेही परीक्षण न करता काही दिवसांत निबंध छापून देणारी नामधारी नियतकालिके निघाली आहेत. बढतीच्या घाईत असलेल्या तरुण डॉक्टरांनी अशांपासून दूर राहावे. संपादक मंडळ कोण आहे, परीक्षण होते की नाही, मान्य वैद्यकीय सूचींत नाव आहे की नाही, हे ग्रंथपालाला विचारून घ्यावे. शुल्क घेणारे प्रत्येक नियतकालिक खोटे नसते. परंतु परीक्षण न करणारे प्रत्येक नियतकालिक निरुपयोगी असते.

सर्वांचा वाटा

निबंध डॉक्टर लिहितात हे खरे. परंतु तो एकट्या डॉक्टराचा नसतो. परिचारिकेने वेळच्या वेळी लिहिलेली नोंद, आरोग्यसेविकेने घरोघर जाऊन विचारलेले वय, पंचायतीच्या किंवा नगरपालिकेच्या मृत्यू-नोंदवहीत लिहिलेले कारण, या सर्वांवर तो उभा असतो. जन्ममृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ सालचा आहे. तरीही मृत्यूचे कारण म्हणून 'वार्धक्य' किंवा 'आजारपण' एवढेच लिहून मोकळे होण्याची सवय अनेक ठिकाणी दिसते. अशा एका शब्दाने एक कर्करोग हिशेबातून नाहीसा होतो, आणि ज्या गावात रोग हिशेबात नाही त्या गावाकडे सेवा पोचण्यास उशीर होतो. अधिकाऱ्यांनी याकडे लक्ष पुरवावे.

शिक्षकांनी मुलांना केवळ उत्तर पाठ करावयास न लावता, हे कशावरून, असे विचारण्याची सवय लावावी. अमुक झाडपाल्याने कर्करोग हटकून बरा होतो, असे कोणी सांगितले तर किती रुग्णांत, किती वर्षांच्या पाठपुराव्याने आणि कोणाशी तुलना करून, हे तीन प्रश्न गावातील दहावी शिकलेल्या मुलालाही विचारता आले पाहिजेत.

ग्रामस्थांनी आपले जुने केसपेपर, तपासणीचे अहवाल आणि औषधांच्या चिठ्ठ्या एका पिशवीत जपून ठेवाव्यात. उपचार मध्येच सोडावा लागला, तर रुग्णालयाला तसे कळवावे. संमतिपत्रावर अंगठा उमटविण्यापूर्वी ते मराठीत वाचून दाखविण्यास सांगावे. तो रुग्णाचा हक्क आहे, आणि नाही म्हटल्याने उपचार बंद करण्याचा अधिकार कोणालाही नाही.

तालुक्याच्या रुग्णालयात काम करणाऱ्या डॉक्टरांना, आपण काय लिहिणार, असा संकोच वाटतो. त्यांनी तो सोडावा. पाच वर्षे नीट ठेवलेली साधी नोंदवही ही मोठ्या शहरातील यंत्रांइतकीच मोलाची असू शकते. बार्शीच्या नोंदणीची सुरुवात खेड्यापाड्यांतील अशाच साध्या नोंदींतून झाली. तिच्याच परिसरातील आकडे पुढे जगभरच्या डॉक्टरांनी वाचले. नोंद प्रामाणिक असावी, प्रश्न स्पष्ट असावा आणि उणीव लपवू नये, एवढे पाळले म्हणजे निबंधाचा निम्मा भाग लिहून झालाच. उरलेला निम्मा भाग चिकाटीचा आहे.