हौदातील शेवाळ

श्रोतेहो, नांदेड जिल्ह्यातील अर्धापूर तालुका केळीच्या बागांसाठी प्रसिद्ध आहे. आणि कालव्याचे वा विहिरीचे पाणी हौदात साठवून ते ठिबकच्या नळ्यांतून झाडाच्या मुळाशी पोहोचविणाऱ्या येथील बागायतदारास, मराठवाड्याच्या प्रखर उन्हात त्या पाण्यावर चढणारा हिरवा थर किती उपद्रवी ठरतो, हे निराळे सांगावयास नको. गाळणी चोंदते, ड्रिपर बंद पडतात, आणि ऐन वैशाखात बाग तहानलेली राहते.

शेवाळास सूर्यप्रकाश, ऊब आणि पाण्यात विरघळलेली नत्र-स्फुरदादी पोषकद्रव्ये लागतात. यांपैकी प्रकाश अडविणे सर्वांत सुकर असल्यामुळे बंदोबस्ताचा आरंभ तेथूनच व्हावा, असे माझे स्पष्ट मत आहे. हौदावर दाट शेडनेट ताणावे, टाकीस घट्ट झाकण असावे, आणि उजेड आत झिरपू देणाऱ्या फिकट टाकीस बाहेरून गडद रंग द्यावा. ठिबकच्या नळ्या काळ्या असतात, त्याचे एक कारण हेच. विद्राव्य खत हौदात न कालवता थेट नळीत सोडावे, अन्यथा पिकाआधी शेवाळच पोसले जाते.

घरच्या टाकीचे शेवाळ मात्र प्रथम घासून काढावे, कारण ते तसेच राहिल्यास ब्लिचिंग पावडरमधील क्लोरीन त्यावरच खर्ची पडतो. मग 1000 लिटर पाण्यास 5 ग्रॅम ताजी ब्लिचिंग पावडर घालून अर्धा तास थांबावे. पिण्याच्या पाण्यात अंदाजाने मोरचूद टाकण्याचा मार्ग सर्वथा त्याज्य समजावा.

श्रोतेहो, आज मावळतीपूर्वी आपल्या टाकीचे झाकण एकवार अवश्य पाहून यावे.