आधी पट्टा, मग पिशवी



हल्ली गाडी घ्यायला शोरूममध्ये गेलं की ॲव्हरेजच्या पाठोपाठ प्रश्न येतो, "एअरबॅगा किती?" प्रश्न चांगला आहे आणि तो विचारायलाच हवा. पण सहा एअरबॅगा आहेत म्हटल्यावर पट्ट्याकडे जे दुर्लक्ष सुरू होतं, त्याची मला फार काळजी वाटते. कारण समोरच्या त्या पिशवीची सगळी वेळ पट्टा लावलेल्या माणसाच्या हिशेबानं बांधलेली असते.

ताशी ५० किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळजवळ १४ मीटर. या वेगानं गाडी समोरून भक्कम वस्तूवर आदळली, तर ती थांबेपर्यंत साधारण एक दशांश सेकंद जातो, म्हणजे १०० मिलिसेकंद. जे काही वाचवायचं ते एवढ्या वेळात.

गाडीच्या नाकाशी आणि पुढच्या दोन सीटांच्या मधे, खाली बसवलेल्या पेटीत सेन्सर असतात. चाक खड्ड्यात आपटलं तरी धक्का बसतोच; म्हणून ही पेटी नुसता धक्का मोजत नाही, वेग दर मिलिसेकंदाला किती झपाट्यानं उतरतोय ते पाहते. जोराची टक्कर असेल तर १५-२० मिलिसेकंदांत निर्णय होतो. बोनेटखालची बॅटरी तोवर चेंगरली असेल, म्हणून पेटीत थोडी वीज आधीच साठवून ठेवलेली असते.

पट्टा जिथं गुंडाळलेला असतो, तिथं प्रीटेन्शनर नावाचा भाग असतो. त्यात स्फोटक द्रव्याचा अगदी छोटा साठा असतो. पेटीचा इशारा मिळताच तो पेटतो, वायूच्या दाबानं गुंडाळी उलटी फिरते आणि सैल राहिलेला पट्टा, दहा-बारा सेंटिमीटरपर्यंत, आत ओढला जातो. शरीर पुढे झेपावण्याआधीच पाठ सीटला टेकलेली राहते. पण पट्टा असाच ताठ राहिला तर बरगड्या मोडतील. म्हणून गुंडाळीच्या गाभ्यात पोलादी दांडी असते. ताण ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की ती पिळवटत जाते आणि पट्टा थोडा थोडा सोडते. वेगानं आलेला चेंडू झेलताना हात मागे नेतात, तसंच हे. हा बारकावा ज्यांनी सुचवला, त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

आता पिशवी. चालकासमोरची पिशवी सुमारे ६० लिटरची. रासायनिक गोळ्या पेटून तयार झालेला वायू ती साधारण ३० मिलिसेकंदांत भरतो. उघडताना तिचं कापड ताशी ३०० किलोमीटरपर्यंतच्या वेगानं बाहेर येतं. पट्ट्यानं धरलेलं डोकं तिच्यापर्यंत पोचतं तेव्हा ती भरून झालेली असते आणि मागच्या भोकांतून वायू सोडू लागलेली असते. ती मऊ असते ती त्या क्षणी. त्याच्या थोडं आधी ती नुसता तडाखा असते.

पट्टा नसेल तर? टकरीआधी चालक जिवाच्या आकांतानं ब्रेक दाबतो, आणि न बांधलेलं शरीर तेव्हाच पुढे सरकतं. पिशवी फुटून बाहेर येते तेव्हा छाती स्टिअरिंगला टेकलेली असते. पुढच्या सीटवर मांडीत घेतलेल्या मुलाचं तर विचारूच नका. मघाच्या टकरीत दहा किलोच्या मुलाला दीडशे किलोच्या आसपास ओढ बसते. कुठल्याही आईचे हात ती धरू शकत नाहीत, आणि समोर ती पिशवी. मुलं मागेच बसवा, त्यांच्या खास सीटमध्ये, पट्ट्यानं बांधून.

मागच्या सीटवर मोठ्यांचीही सुटका नाही. ४ सप्टेंबर २०२२ ला पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांची गाडी धडकली. मागे बसलेले दोघे गेले, पुढचे दोघे वाचले. मागच्या दोघांनी पट्टे लावले नव्हते, असं पोलिसांनी सांगितलं. मागच्यांनी पट्टा लावायचा हा नियम त्याआधीपासूनच होता. दंडही एक हजार रुपये होता.

आणि तरीही पट्ट्याची घंटा वाजू नये म्हणून बकलमध्ये अडकवायची क्लिप बाजारात आली! केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला २०२३ मध्ये ती ऑनलाइन दुकानांतून काढून टाकायला सांगावं लागलं. बंपरवर लावलेले लोखंडी गार्डही असेच घातक. त्यांच्यामुळे टकरीचा धक्का सेन्सरपर्यंत जसा पोचायला हवा तसा पोचत नाही. डॅशबोर्डवर डावीकडे जिथं 'एअरबॅग' लिहिलेलं असतं, बरोबर तिथंच आपण गणपतीची मूर्ती चिकटवतो. बाप्पाला तिथून हलवा, पिशवीच्या वाटेत काहीच नको. आणि सीटच्या बाजूला एअरबॅग असेल तर जाड कव्हर शिवून ती बंद करू नका.

एक गोष्ट जुनी गाडी घेणाऱ्यांसाठी. पिशवी आणि प्रीटेन्शनर एकदाच चालतात; अपघातानंतर दोन्ही बदलावे लागतात, आणि तो खर्च वाचवण्याचा विकणाऱ्याला मोह होतो. चावी फिरवली की मीटरमध्ये एअरबॅगचा दिवा लागतो आणि काही सेकंदांत विझतो. तो पेटतच राहिला तर यंत्रणेत बिघाड आहे. मुळात लागलाच नाही, तर कोणीतरी तो काढून टाकला असण्याची शंका घ्या. पट्टा पूर्ण बाहेर ओढून बघा, सोडल्यावर तो सुरळीत आत जातो का. यातलं काहीही खटकलं, तर चांगल्या मेकॅनिककडून तपासून घेतल्याशिवाय पैसे देऊ नका.