जमीन झाकणारी हिरवाई

घराभोवतालच्या बागेचा विचार करताना लक्ष प्रथम फुलझाडांकडे व फळझाडांकडे जाते. त्यांच्या खाली उरणारी उघडी जमीन मात्र दुर्लक्षित राहते. वस्तुतः बागेचे पुष्कळसे नुकसान याच उघड्या जमिनीतून होत असते. पावसाच्या सरींनी तिची माती वाहून जाते. उन्हाने तिच्यातील ओल उडून जाते. जमिनीलगत पसरणारी, बारमाही हिरवी राहणारी वनस्पती लावणे हा यावरचा साधा उपाय होय.

रायपूरहून धमतरीकडे जाणाऱ्या मार्गावरील अभनपूरचे उदाहरण या दृष्टीने विचार करण्याजोगे आहे. येथूनच राजिमची वाट फुटते. या मुलखात वर्षाकाठी सुमारे 1200 मिलिमीटर पाऊस पडतो, परंतु त्यातील बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. मे महिन्यात पारा 45 अंशांच्या आसपास जातो. म्हणजे एकच वनस्पती चार महिने भिजली पाहिजे आणि पुढे कडक उन्हाळ्यातही टिकली पाहिजे.

दुसरा प्रश्न मातीचा. छत्तीसगढचा शेतकरी आपल्या जमिनीची चार नावे सांगतो. उंचावरची लालसर, मुरमाड ती ‘भाटा’. पिवळसर ती ‘मटासी’. सखल भागातील काळी, चिकण ती ‘कन्हार’. आणि मटासी व कन्हार यांच्या मधली ती ‘डोरसा’. भाटा जमिनीत पाणी ठरत नाही, तर कन्हार जमीन पावसात चिखल होते आणि उन्हाळ्यात भेगाळते. अंगणातील माती यांपैकी कोणती, हे ओळखल्यावाचून रोप आणू नये.

अशा ठिकाणी जलपिंपळी ही वनस्पती उपयोगी पडते. शास्त्रज्ञ तिला ‘फायला नोडिफ्लोरा’ म्हणतात. तळ्याच्या काठी व धानाच्या बांधांवर ती आपोआप वाढते. तिची पाने लहान असून टोकाकडे दातेरी असतात. पांढरट-जांभळ्या फुलांच्या बारीक गोंड्यांवर मधमाश्या आणि लहान फुलपाखरे येतात. तिच्या प्रत्येक पेऱ्याला मुळे फुटतात आणि माती जागच्या जागी बांधली जाते. बेताची वर्दळही ती सहन करते. जेथे सावली व सततची ओल आहे, तेथे मंडूकपर्णी अधिक चांगली.

लागवड पावसाळ्याच्या आरंभी करावी. प्रथम जमीन वीतभर खणून हरळीची मुळे व नागरमोथ्याच्या गाठी वेचून काढाव्यात. या कामात आळस केल्यास पुढे पश्चात्ताप होतो. भाटा जमिनीत कुजलेले शेणखत सढळ हाताने मिसळावे. कन्हार जमिनीत शेणखताबरोबर थोडी वाळू घालून पाण्याला उतार द्यावा. तीन-चार पेऱ्यांचे तुकडे वीत-वीत अंतरावर लावून माती घट्ट दाबावी. वेली एकमेकींना भिडेपर्यंत खुरपणी चालू ठेवावी. उन्हाळ्यात मुरमाड जमिनीला थोडे परंतु वारंवार, आणि काळ्या जमिनीला मोजके परंतु खोलवर पाणी द्यावे, तेही सायंकाळी.

येथवर पसरणे हा गुण म्हणून सांगितला. परंतु तोच दोषही ठरू शकतो. पिवळ्या फुलांची वेडेलिया अनेक रोपवाटिकांतून सहज मिळते. ती झपाट्याने जमीन झाकते आणि मागाहून फारशी देखभालही मागत नाही. ही मूळची उष्ण अमेरिकेतील. जगातील अत्यंत उपद्रवी अशा 100 परकी आक्रमक जीवजातींच्या सुप्रसिद्ध यादीत तिचे नाव आहे. तिच्या छाटणीचा एखादा तुकडा ओल्या जागी पडला तरी तो रुजतो. बागेतील कचरा नाल्यात टाकला, की हा गालिचा कुंपण ओलांडून बांधांवर व तलावांच्या काठी जातो आणि तेथील गवत व औषधी वनस्पती दडपून टाकतो. धानावर जगणाऱ्या प्रदेशात ही किंमत बागेच्या मालकाला नव्हे, शेजारच्या शेतकऱ्याला मोजावी लागते.

केवळ वेडेलियाच दोषी आहे असेही नाही. जलपिंपळीचीच एक दक्षिण अमेरिकी बहीण ऑस्ट्रेलियातील मरे-डार्लिंग नद्यांच्या पूरमैदानात मोठे तण होऊन बसली आहे. वनस्पती जात्याच भली वा बुरी नसते. ती कोठे लावली, यावर पुष्कळ अवलंबून असते. जलपिंपळी या मातीतलीच आहे, तिच्याबरोबर वाढणारे कीटक व गवते येथे आधीपासूनच आहेत. म्हणून येथे तिची निवड अधिक सुरक्षित. तरीही वाफ्याभोवती विटांची कड घालावी, कडेबाहेर आलेल्या वेली महिन्यातून एकदा छाटाव्यात, आणि छाटलेले तुकडे उन्हात पूर्ण वाळवूनच खताच्या खड्ड्यात टाकावेत.

बागेची शोभा कुंपणाच्या आत पाहावयाची असते; तिची जबाबदारी मात्र कुंपणाशी संपत नाही. रोप निवडताना ते किती लवकर पसरेल, हे विचारण्यापूर्वी ते कोठे थांबवता येईल, हे विचारणे अधिक शहाणपणाचे होय.