चिंतामणराव देशमुख कशासाठी उभे राहिले?



हळदीचा हंगाम चालू असताना मोंढ्यातल्या माणसाला व्याख्यानाला उभे करण्याचे धाडस आपल्या मंडळाने केले आहे. माझे शाळेतले शिक्षण थोडे. जे काही वाचले ते हमालांच्या कचेरीत, पोत्याला पाठ टेकून वाचले. तेव्हा पांडित्याची अपेक्षा आपण ठेवू नये. आमच्या कचेरीत दोन जुन्या सहकाऱ्यांचा एक वाद वर्षानुवर्षे चालत आला आहे, तोच आज आपल्यापुढे मांडतो. वाद असा की, १९६९ साली चिंतामणराव देशमुख राष्ट्रपतिपदासाठी उभे राहिले, ते कशासाठी?

त्या वेळची हकीकत थोडक्यात सांगतो. ३ मे १९६९ रोजी राष्ट्रपती डॉ. झाकिर हुसेन वारले. काँग्रेसने संजीव रेड्डींचे नाव पुढे केले. ते पंतप्रधान इंदिराबाईंच्या मनाविरुद्ध होते. उपराष्ट्रपती वराहगिरी व्यंकटगिरी राजीनामा देऊन अपक्ष उभे राहिले, आणि आपापल्या विवेकाने मत द्या, असे इंदिराबाईंनी सांगितले. याचा अर्थ काय तो सर्वांना समजला! या घरच्या भांडणात तिसरे नाव आले चिंतामणरावांचे. वय ७३. पक्ष कुठलाच नाही. पाठिंबा स्वतंत्र पक्षाचा आणि जनसंघाचा.

माझा एक सहकारी म्हणतो, "म्हाताऱ्याला खुर्ची पाहिजे होती, दुसरं काय!" दुसरा म्हणतो, "खुर्ची नव्हे हो, भांडवलवाल्यांनी पुढं सारलेलं प्यादं होतं ते."

पहिला आरोप मला मुळीच पटत नाही. खुर्चीचा लोभ असलेला मनुष्य १९५६ साली काय करता? चिंतामणराव तेव्हा देशाचे अर्थमंत्री होते. मुंबई महाराष्ट्रापासून तोडून केंद्राच्या ताब्यात ठेवण्याचा बेत दिल्लीत ठरला. मुंबईत गोळीबार झाला, माणसे मेली, आणि न्यायालयीन चौकशी काही होईना. कुलाब्यातून निवडून आलेल्या या माणसाने राजीनामा दिला, आणि कारणे लोकसभेत उभे राहून सांगितली. आपण मराठवाड्याची माणसे त्याच वर्षी १ नोव्हेंबरला हैदराबाद राज्यातून द्वैभाषिकात आलो. तेव्हा तो राजीनामा आपल्याला परका नाही. पुढची गोष्ट मला अधिक मोलाची वाटते. हा मनुष्य चळवळीचा पुढारी होऊन हारतुरे घेऊ शकला असता. तो गेला विद्यापीठ अनुदान मंडळावर, आणि नंतर दिल्ली विद्यापीठाचा कुलगुरू झाला.

शिवाय हिशेब पाहा. रिझर्व्ह बँकेचा पहिला हिंदी गव्हर्नर, १९४३ ते १९४९ देशाच्या नोटांवर ज्याची सही, त्याला दोन पक्षांच्या आमदार-खासदारांच्या मतांची बेरीज येत नव्हती? त्या बेरजेत राष्ट्रपतिपद बसत नव्हते. घर फुटले आहे, तर दोन्हीकडची माणसे पक्ष विसरून आपल्याकडे येतील, अशी आशा मात्र त्यांना असावी असे मला वाटते. ती आशा भाबडी होती, पण लोभी नव्हती.

दुसऱ्या आरोपाचे उत्तर इतके सोपे नाही. चिंतामणराव अर्थमंत्री असताना, १९५५ साली इंपीरियल बँकेची स्टेट बँक झाली आणि १९५६ च्या जानेवारीत आयुर्विम्याचा धंदा सरकारने आपल्या हाती घेतला. त्यातूनच पुढे आयुर्विमा महामंडळ उभे राहिले. आता १९६९ कडे या. १९ जुलैला १४ बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले. धंद्यात सरकारचा हात ज्याला खपत नसे, त्या स्वतंत्र पक्षाने त्याविरुद्ध आरडाओरड केली. आणि महिनाभरात त्याच पक्षाचा उमेदवार कोण, तर विम्याचे राष्ट्रीयीकरण करणारा मंत्री! मग या गृहस्थाची श्रद्धा होती तरी कशावर?

माझा तर्क असा आहे. राष्ट्रीयीकरण हा त्यांचा पंथ नव्हता. काही विमा कंपन्यांचे मालक पॉलिसीवाल्यांचा पैसा आपल्या घरचा समजून उधळीत होते. तो चोख हिशेबाखाली यावा, एवढीच त्यांची दृष्टी. जाणत्या, निःपक्षपाती माणसाने नियमाप्रमाणे कारभार करावा, असे मानणाऱ्यांपैकी ते होते. पाठिंबा कुणाचा, हा प्रश्न अशा माणसाला दुय्यम वाटतो. इथे माझा त्यांच्याशी मतभेद आहे. मीही एकदा एका निवडणुकीत कुणाच्याच पॅनेलकडून न जाता उभा राहिलो होतो. दोन्ही बाजू म्हणाल्या, याला मते फोडायला समोरच्यांनी उभा केला. मी चिडलो. मतमोजणीनंतर पाहतो तो खरोखरच माझ्यामुळे जो निवडून यायला नको होता तोच आला होता. माझा हेतू काय होता, हे त्या पेटीला कुठे ठाऊक!

चिंतामणरावांचेही तसेच झाले. मतदान १६ ऑगस्टला झाले. पहिल्या पसंतीची मते गिरींना ४,०१,५१५, रेड्डींना ३,१३,५४८ आणि देशमुखांना १,१२,७६९. पुरेसा आकडा कुणाकडेच नव्हता, म्हणून दुसरी पसंती मोजली गेली. उरलेल्या साऱ्यांच्या मतांतून रेड्डींच्या पदरात ९१,८७९ पडली आणि गिरींच्या १८,५६२. गिरी १४,६५० मतांनी निवडून आले. म्हणजे काँग्रेसच्या धुरीणांशी भांडून मंत्रिपद सोडणाऱ्या माणसाची बहुतेक पुंजी अखेर काँग्रेसच्याच अधिकृत उमेदवाराकडे गेली. पाठिंबा देणाऱ्यांचा हिशेब तो असावा. चिंतामणरावांचा खास नव्हता.

आता आम्हा कामगारांचे गिरी. त्यांची बाजू घेताना मला जपून बोलावे लागते. ते रेल्वे कामगारांचे जुने पुढारी. १९५४ मध्ये बँक कर्मचाऱ्यांच्या बाजूने झालेला निवाडा मंत्रिमंडळाने बदलला, म्हणून या मजूरमंत्र्याने राजीनामा दिला. त्या वेळी अर्थखाते कुणाकडे होते? चिंतामणरावांकडेच! एकाने कामगारांसाठी मंत्रिपद सोडले, दुसऱ्याने दोन वर्षांनी मुंबईसाठी. आणि १९६९ साली दोघे समोरासमोर आले.

गिरी निवडून आले तेव्हा आपला माणूस राष्ट्रपती झाला, असे कामगारांना वाटले. पुढे १९७४ च्या मे महिन्यात देशभर रेल्वेचा संप झाला. हजारो माणसे तुरुंगात गेली, वीस दिवसांत संप मोडला. त्या वेळी राष्ट्रपती भवनात गिरीच होते. पूर्णा जंक्शनवर नोकरी केलेले एक वृद्ध कामगार आजही मला विचारतात, "आपला माणूस तिथं बसून काय करत होता?" राष्ट्रपतीला मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने चालावे लागते, असे मी त्यांना घटना दाखवून सांगतो. त्यांचे समाधान होत नाही. खरे सांगायचे तर माझेही होत नाही.

चिंतामणराव १९८२ मध्ये, २ ऑक्टोबरला, हैदराबादेत वारले. आमच्या कचेरीतला वाद मात्र मिटलेला नाही. परवा दोघांनी मलाच पेचात धरले, "तुम्ही आमदार असता तर मत कुणाला दिलं असतं?" मी म्हणालो, पहिली पसंती गिरींना, दुसरी चिंतामणरावांना. यावर तो खुर्चीवाला हसला आणि म्हणाला, "दादा, गिरी शेवटपर्यंत पुढंच होते. तुमची दुसरी पसंती कुणी उघडूनसुद्धा पाहिली नसती."