अर्धशिशी : दुखणें कीं सोंग?



न्हावा आणि शेवा हीं रायगड जिल्ह्यांतील गांवें. 1989 सालीं तेथें जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झालें आणि रात्रीचा दिवस झाला. रात्रपाळी करून पहाटे घरीं परतणारा तेथील एखादा कामगार डोळ्यांसमोर आणा. जेवणाची वेळ टळलेली, झोप बुडालेली. दुपारीं त्याचें अर्धें डोकें ठणकूं लागतें, उजेड सोसवत नाहीं, मळमळतें. घरचे म्हणतात, 'जागरणानें पित्त झालें.' हीच व्यथा घरांतील बाईस झाली, तर 'कामाच्या वेळीं बरें डोकें दुखतें!' असा टोमणा मिळतो. वस्तुतः हा विकार स्त्रियांत पुरुषांच्या सुमारें तिप्पट आढळतो.

ह्या टोमण्याला आज शास्त्राजवळ उत्तर आहे. मेंदूचें वजन शरीराच्या अवघें 2 टक्के. परंतु स्वस्थ बसलेल्या शरीराच्या ऊर्जेपैकीं सुमारें 20 टक्के तोच खर्च करतो. ही ऊर्जा पेशींतील मायटोकॉन्ड्रिया नांवाच्या सूक्ष्म कणिका अन्न व प्राणवायु यांपासून निर्माण करतात. ह्या जणूं पेशीच्या चुली. अर्धशिशीच्या कांहीं रुग्णांत दोन झटक्यांच्या मधल्या काळींहि मेंदूंतील ऊर्जेचा सांठा उणा असल्याचें चुंबकीय अनुनादाच्या तपासणींत दिसलें आहे. विस्तव आधींच मंद, त्यांत एकादशीचा उपवास किंवा जागरण घडलें, कीं झटका कां येतो, याचा उलगडा यावरून होऊं शकतो.

बेल्जियमच्या शोनेन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं 55 रुग्णांवर केलेला प्रयोग 1998 सालीं प्रसिद्ध झाला. ह्या चुलींना उपयोगी पडणारें ब-2 जीवनसत्त्व रोज 400 मिलिग्रॅम याप्रमाणें तीन महिने दिलें असतां 59 टक्के रुग्णांचे डोकेदुखीचे दिवस निम्म्यानें वा अधिक घटले. नुसती दिखाऊ गोळी घेणाऱ्यांत हें प्रमाण 15 टक्के होतें. प्रयोग लहान होता, हें मात्र विसरूं नये. आनुवंशिकता, मज्जातंतूंतील रसायनें अशीं इतर कारणेंहि आहेतच. म्हणून औषध वैद्यकीय सल्ल्यानेंच घ्यावें. आणि डोकें एकाएकीं असह्य दुखूं लागलें किंवा हातपाय लुळे पडले, तर क्षणाचाहि विलंब न लावतां रुग्णालय गांठावें.

पण वेळेवर दोन घास, नियमित झोप आणि अंधाऱ्या खोलींतील घटकाभर विसांवा देणें आपल्या हातीं आहे. दुखणाइताला तेवढें द्या. आणि सोंगाचा आरोप तेवढा मागें घ्या.