राखीव जागा आणि उमेदवाराचें वचन

विधानसभेच्या गेल्या निवडणुकीच्या दिवसांतली गोष्ट आहे. अकलूजहून कोस-दीड कोसावर उसाच्या फडांना लागून एक वस्ती आहे. दिवेलागणीच्या सुमारास एका पक्षाचे प्रचारक तेथें आले होते. कोणत्या पक्षाचे, तें सांगण्याचें कारण नाहीं. दुसऱ्या पक्षाचे असते तरी फारसा फरक पडला नसता. भाषण चांगलें झालें. पाणी, रस्ते, उसाचा भाव, बहिणींच्या खात्यांत दरमहा जमा होणारी रक्कम, राज्यघटनेचें रक्षण, सारें कांहीं त्यांत आलें. भाषण संपतांच समाजमंदिराच्या पायरीवर बसलेले एक म्हातारे गृहस्थ उठले आणि म्हणाले, "दादा, ह्ये समद्यांचं झालं. आमचं काय, त्ये सांगा की." प्रचारक हंसून म्हणाले, "बाबा, समद्यांत तुम्ही आलाच की!" लोकहि हंसले. म्हातारे मात्र हंसले नाहींत. ते मुकाट्यानें खालीं बसले.

त्या म्हाताऱ्यांचा प्रश्न हाच माझ्या आजच्या भाषणाचा विषय आहे. जो उमेदवार दलितांचीं मतें मागतो, त्याच्या धोरणांत दलितांच्या खास गरजांना कांहीं जागा असते काय?

हा प्रश्न आमच्या तालुक्यांत विशेष बोंचणारा आहे. माळशिरस विधानसभा मतदारसंघ २००९ च्या निवडणुकीपासून अनुसूचित जातींसाठीं राखीव आहे. तत्पूर्वीं १९८० पासून ही जागा अकलूजच्या विजयसिंह मोहिते-पाटलांकडे होती. राखीव झाल्यानंतर २००९ व २०१४ सालीं हनुमंत डोळस, २०१९ सालीं राम सातपुते आणि २०२४ सालीं उत्तमराव जानकर निवडून आले. २०१९ चा निकाल सुमारें अडीच हजार मतांच्या फरकानें लागला, २०२४ चा सुमारें तेरा हजारांच्या. पुढें डिसेंबर २०२४ मध्यें आमच्या तालुक्यांतील मारकडवाडीच्या ग्रामस्थांनीं मतपत्रिकांवर पुन्हां मतदान घेण्याचा बेत केला आणि साऱ्या देशाचें लक्ष इकडे लागलें. मतदानयंत्राविषयीं रकानेच्या रकाने छापून आले. परंतु ज्या समाजासाठीं ही जागा राखून ठेवली आहे, त्या समाजाला कोणत्या उमेदवारानें काय देऊं केलें होतें, हा प्रश्न त्या गदारोळांत कोणीं विचारलेला निदान माझ्या तरी कानीं आला नाहीं.

असें कां व्हावें? ह्याचें उत्तर शोधण्यास थोडें मागें गेलें पाहिजे. २४ सप्टेंबर १९३२ रोजीं येरवड्याच्या तुरुंगांत पुणे करारावर सह्या झाल्या. स्वतंत्र मतदारसंघ गेले आणि त्यांच्या जागीं संयुक्त मतदारसंघांतील राखीव जागा आल्या. प्रांतिक कायदेमंडळांत मिळून त्या १४८ होत्या. एवढें बहुतेकांना ठाऊक असतें. त्या करारांतलें दुसरें एक कलम मात्र आपण विसरून गेलों आहों. राखीव जागेसाठीं आधीं एक प्राथमिक निवडणूक व्हावयाची होती. तींत केवळ अस्पृश्य मतदारांनींच मत द्यावयाचें आणि त्यांनीं निवडलेल्या चार उमेदवारांतून पुढें सर्व मतदारांनीं एकाला पसंत करावयाचें. म्हणजे उमेदवाराला सर्वांच्या दारीं जाण्यापूर्वीं एकदां तरी आपल्या वस्तीच्या दारीं परीक्षा द्यावी लागत असे.

पुढें राज्यघटना होत असतां ती परीक्षा गेली. २८ ऑगस्ट १९४७ रोजीं घटना समितींत नागप्पा नांवाच्या मद्रासकडील सभासदांनीं एक सूचना मांडली होती, ती अशी कीं, राखीव जागेवर निवडून येणाऱ्यास अनुसूचित जातींच्या झालेल्या मतांपैकीं निदान ३५ टक्के तरी मतें मिळालीं असलीं पाहिजेत. वल्लभभाई पटेलांनीं तिला कडकडून विरोध केला आणि ती सूचना मागें घेतली गेली. पटेलांचें भय निराधार होतें असें मी म्हणणार नाहीं. देशाच्या फाळणीला पुरते पंधरा दिवसहि लोटले नव्हते. परंतु परिणाम काय झाला, तो आज दिसतो आहे. उमेदवार कोणत्या जातीचा असावा हें कायदा सांगतो. त्यानें कोणाला उत्तर द्यावें हें सांगत नाहीं. साहजिकच ज्याचीं मतें अधिक त्याला तो उत्तर देतो. २०११ च्या शिरगणतीप्रमाणें राज्यांत अनुसूचित जातींचें प्रमाण ११.८ टक्के आहे. सोलापूर जिल्ह्यांत तें त्याहून अधिक, तरी पांचव्या हिश्शाहूनहि कमीच. शंभरांतल्या ऐंशींना दुखवून कोणता उमेदवार निवडून येईल? म्हणून तो "सर्वांचा" होतो. ह्यांत व्यक्तीचा दोष थोडा आणि रचनेचा फार आहे.

मग संयुक्त मतदारसंघांत खास कार्यक्रम मांडतांच येत नाहीं काय? येतो, आणि तो आपल्याकडेच मांडला गेलेला आहे. १९३६ सालीं डॉ. आंबेडकरांनीं स्वतंत्र मजूर पक्ष स्थापन केला. त्या पक्षाचा कार्यक्रम साऱ्या कष्टकऱ्यांसाठीं होता. परंतु त्या "साऱ्यांत" महाराचें वतन बुडून गेलें नव्हतें. वतनाच्या प्रश्नावर बाबासाहेबांनीं १९२८ सालींच मुंबईच्या कायदेमंडळांत बिल आणलें होतें, आणि १९३७ च्या निवडणुकीनंतर त्याच वर्षीं सप्टेंबरांत कोंकणांतल्या खोती पद्धतीविरुद्ध दुसरें आणलें. खोताच्या जाचाखालीं कुणबीहि होता आणि महारहि. म्हणजे एका हातीं सर्वांचा प्रश्न आणि दुसऱ्या हातीं आपला, अशी ती मांडणी होती. वतनें रद्द करणारा कायदा पुढें १९५८ सालीं झाला खरा. पण मागणीचें नांव घेतलें गेलें होतें म्हणूनच ती तीस वर्षें जिवंत राहिली. आपल्या सोलापूरचीहि ह्या बाबतींत एक आठवण आहे. १९५२ च्या पहिल्या लोकसभेंत शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचे अवघे दोन सभासद निवडून गेले, त्यांपैकीं एक पां. ना. राजभोज सोलापुरांतून.

ह्या प्रश्नाचें रूप केवळ आपल्याकडचेंच नाहीं. अमेरिकेंत कृष्णवर्णीय मतदार हाच प्रश्न पिढ्यान्‌पिढ्या विचारीत आले आहेत. १९३५ सालीं प्रेसिडेंट रूझवेल्टच्या कारकीर्दींत वृद्धांना निवृत्तिवेतन देणारा मोठा कायदा झाला. कायदा सर्वांसाठीं होता. त्यांत कोठेंहि वर्णाचा उल्लेख नव्हता. मात्र शेतमजूर आणि घरकाम करणारे हे दोन धंदेहि त्यांतून वगळले होते, आणि दक्षिणेकडचे बहुसंख्य कृष्णवर्णीय नेमके ह्याच दोन धंद्यांत होते! पुढें १९५० नंतर दुरुस्त्या होऊन ती उणीव भरून निघाली. पण मधल्या काळांत जे म्हातारे झाले त्यांचें काय? बाबासाहेबांनीं १९४६ सालीं अमेरिकेंतील डॉ. डुबॉइस ह्यांना पत्र लिहिलें होतें, तें ह्या दोन समाजांच्या स्थितींतलें साम्य ओळखूनच.

आतां आपल्या घराकडे वळूं. अकलूजचा परिसर नीरेच्या कालव्यावरचा. ऊस, कारखाने, शिक्षणसंस्था, सारी समृद्धि डोळ्यांना दिसते. ह्या समृद्धींत भूमिहीन दलित कुटुंबाची पहिली गरज कोणती? जमीन. त्यासाठीं सरकारची एक योजना २००४ सालापासून आहे. तिला कर्मवीर दादासाहेब गायकवाडांचें नांव दिलेलें आहे. दारिद्र्यरेषेखालच्या भूमिहीन अनुसूचित जातीच्या व नवबौद्ध कुटुंबाला चार एकर जिराईत किंवा दोन एकर बागाईत जमीन द्यावयाची, अशी ती योजना. आधीं निम्में अनुदान व निम्में कर्ज होतें. २०१८ पासून सारेंच अनुदान झालें. कागदावर ह्याहून चांगली योजना काढून दाखवणें कठीण. परंतु २०१८ च्या निर्णयानें जमिनीच्या खरेदीला मर्यादा घातली, ती जिराईत एकराला पांच लाख आणि बागाईत एकराला आठ लाख रुपये. कालव्याच्या पाण्याखालची जमीन ह्या भावानें अकलूजकडे कोण विकील? रस्त्याकडेचा गुंठा काय भावानें जातो, हें ज्याला ठाऊक आहे तो ह्या आंकड्यावर नुसता हंसेल. जमीन विकणारा मिळत नाहीं म्हणून अर्ज पडून राहतो, आणि योजना चालू आहे असें सरकारी उत्तर येत राहतें. आमच्या तालुक्यांतील उमेदवारानें ही एक गोष्ट हातीं घेतली, बागाईत भागासाठीं भावाची मर्यादा वेगळी ठेवूं असें एवढेंच लिहून दिलें, तर त्याला मी खास कार्यक्रम म्हणेन. ह्यानें कोणा सवर्ण शेतकऱ्याचें नुकसान होत नाहीं. त्याला उलट योग्य किंमत मिळते.

जमिनीचीच दुसरी गोष्ट. १९६१ च्या कमाल जमीनधारणेच्या कायद्यानें खाजगी साखर कारखान्यांकडच्या जमिनी सरकारनें घेतल्या आणि त्या कसण्यासाठीं १९६३ सालीं राज्य शेती महामंडळ काढलें. ह्यांतली पुष्कळ जमीन मूळ शेतकऱ्यांनीं कारखान्यांना खंडानें दिलेली होती. त्या खंडकऱ्यांनीं दीर्घकाळ लढा दिला आणि २०१२ च्या सुमारास जमिनी परत मिळण्याचा मार्ग मोकळा झाला. माळशिरस तालुक्यांतहि असे खंडकरी आहेत. त्यांची मागणी न्याय्यच होती, आणि प्रत्येक निवडणुकींत प्रत्येक पक्षानें ती उचलून धरली. पण त्याच मळ्यांवर ज्यांच्या दोन पिढ्या राबल्या त्या मजुरांचें काय? खंडकऱ्याजवळ खंडाचा कागद होता. मजुराजवळ कागद नव्हता. ज्याच्याजवळ कागद नाहीं त्याची मागणी जाहीरनाम्यांत कोणीतरी मुद्दाम लिहावी लागते. ती आपोआप येत नाहीं.

पैशाचीहि तीच कथा. अनुसूचित जातींच्या लोकसंख्येच्या प्रमाणांत अंदाजपत्रकांतून वेगळी रक्कम काढून ठेवण्याची पद्धत १९७९-८० पासून देशांत आहे. पण बाजूला काढलेली रक्कम बाजूलाच राहील, ह्याची हमी कोण देणार? २०२५ सालीं सामाजिक न्याय खात्याचा निधि लाडक्या बहिणींच्या योजनेकडे वळवला गेला, तेव्हां खुद्द त्या खात्याच्या मंत्र्यांनींच जाहीर नाराजी बोलून दाखविली. त्या योजनेचा लाभ दलित भगिनींनाहि होतो, हें खरें आहे. पण वसतिगृहाची इमारत आणि शिष्यवृत्तीचा हप्ता ह्यांची जागा तो घेऊं शकत नाहीं. आंध्र प्रदेशानें व कर्नाटकानें असा निधि राखण्यासाठीं २०१३ सालीं कायदे केले. (कर्नाटकांत कायदा असूनहि निधि सर्वसाधारण योजनांकडे गेल्याची ओरड पुढें झालीच, म्हणून नुसत्या कायद्यानेंहि भागत नाहीं.) तथापि, "असा कायदा आम्ही करूं आणि त्यांत पळवाट ठेवणार नाहीं" हें वचन उमेदवाराकडून मागतां येण्यासारखें आहे.

मला ह्या सर्वांपेक्षां अधिक लागून राहिलेली गोष्ट अगदीं लहान आहे, आणि तिला पैसाहि फारसा लागत नाहीं. २०२१ च्या ऑगस्टांत आमच्याच तालुक्यांतील माळेवाडी येथें एका दलित गृहस्थाच्या अंत्यविधीच्या वेळीं वाटेवरून वाद झाला, आणि अखेर ग्रामपंचायतीच्या कार्यालयासमोरच चिता पेटवावी लागली, अशी बातमी वर्तमानपत्रांत आली. अकलूजपासून तें गांव कांहीं दूर नाहीं. ह्या तालुक्यांत किती वस्त्यांना स्वतःची स्मशानभूमि आहे, कितींना तेथवर जाण्याची निर्वेध वाट आहे, आणि त्यांपैकीं किती वाटा सरकारी नकाशावर चढल्या आहेत, ह्याची यादी एखादा तलाठी महिन्याभरांत करूं शकेल. ती यादी हातांत घेऊन मत मागावयास आलेला उमेदवार मी अजून पाहिलेला नाहीं. राज्यघटनेचें रक्षण करूं, असें सारेच म्हणतात. घटनेचें रक्षण झालेंच पाहिजे. पण ज्याला आपल्या बापाचें प्रेत न्यावयास वाट नाहीं, त्याच्यापुढें त्या घोषणेचा अर्थ वाटेपासूनच सुरू होतो.

कोणी म्हणेल, दलित तरी एक कोठें आहेत? महाराष्ट्राच्या यादींत ५९ जाती आहेत. आमच्याकडे बौद्ध आहेत, मातंग आहेत, होलार आहेत, चर्मकार आहेत; प्रत्येकाची तक्रार निराळी. ऑगस्ट २०२४ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें राज्यांना अनुसूचित जातींत उपवर्गीकरण करण्याची मुभा दिल्यापासून हा भेद अधिकच उघड बोलला जाऊं लागला आहे. हा आक्षेप मला मान्य आहे. परंतु त्याचा अर्थ खास कार्यक्रम नको असा होत नाहीं. तो अधिक बारकाईनें लिहिला पाहिजे, एवढाच होतो. होलार समाजाच्या मुलाला जातीचा दाखला काढतांना कोणती अडचण येते, हें बौद्ध कार्यकर्त्यालाहि पुष्कळदां ठाऊक नसतें.

त्या संध्याकाळीं सभा संपल्यावर मी त्या म्हाताऱ्यांजवळ गेलों आणि विचारलें, "बाबा, त्यांनीं तुम्हांला विचारलं असतं, तर काय मागितलं असतं?" ते थोडा वेळ गप्प राहिले. मग ओढ्यापलीकडे हात करून म्हणाले, "तितं आमची माती हाय. पावसाळ्यात ओढ्याला पानी आलं की मढं घिऊन दोन-दोन दीस बसावं लागतं. एक फरशी टाकली तर हुईल." ओढ्यावर घालावयाच्या एका फरशीची ती मागणी होती. प्रचारकांची मोटार तोंवर पुढच्या वस्तीच्या रस्त्याला लागली होती.