मोटर लावण्याआधी

आमच्या गल्लीत सकाळी दीड तास पाणी यायचं, तेही करंगळीएवढ्या धारेने. मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होतो. हुशारी दाखवायला नळाच्या लाइनलाच अर्ध्या एचपीची मोटर जोडली. टाकी भराभर भरली, अम्मी खूश. तिसऱ्या दिवशी शेजारच्या खाला रिकामा हंडा घेऊन दारात उभ्या. म्हणाल्या, "बेटा, तुमची मोटर सुरू झाली की आमचा नळ नुसती हवा ओढतो."

मोटरने नवीन पाणी आणलं नव्हतं, खालांच्या वाट्याचं ओढलं होतं. धोका एवढ्यावर थांबत नाही. मोटर ओढते तेव्हा लाइनमधला दाब बाहेरच्यापेक्षा कमी होऊ शकतो. जॉइंट गळका असेल आणि शेजारून गटार जात असेल, तर ती घाण आत खेचली जाते. कावीळ, टायफॉइड असे घरात शिरतात. म्हणूनच महापालिका थेट मोटरला मनाई करतात, सापडली तर जप्त करतात.

मग करायचं काय? प्रोग्राम हळू चालला की आम्ही आधी अडथळा शोधतो, मोठा सर्व्हर नंतर घेतो. इथेही तेच. 10 लिटरची बादली प्रत्येक नळाखाली किती सेकंदांत भरते ते मोजा. एकच नळ मंद असेल तर त्याची जाळी साफ करा. सगळेच मंद असतील तर व्हॉल्व्ह अर्धवट बंद आहे का, लोखंडी पाइप आतून गंजलाय का ते पाहा. दाब तोच असताना पाइपाचा आतला व्यास निम्मा झाला, तर पाणी निम्मं नाही, साधारण सहावा हिस्सा येतं.

शॉवर मंद असेल तर टाकीची उंची बघा. 10 मीटर उंचीला सुमारे 1 बार दाब मिळतो. टाकी शॉवरच्या 3 मीटर वर असेल तर जेमतेम 0.3 बार. तिथे बूस्टर पंप जरूर लावा, पण टाकीनंतर. आणि लाइनलाच दाब नसेल तर खाली जमिनीलगत टाकी ठेवा. पाणी तिच्यात आपल्या दाबाने येऊ द्या, मग मोटरने वर चढवा.

आम्ही हेच केलं. पण गल्लीत आणखी मोटरी होत्या. एकट्याने काढली की तोच कोरडा राहतो. म्हणून अब्बा आणि खाला घरोघरी गेले, सगळ्यांनी एकाच दिवशी मोटरी काढल्या आणि लाइन तपासण्यासाठी एकत्र अर्ज दिला. धार आजही जाड नाही. पण खालांचा हंडा भरतो.